खानापूरकडच्या शाळेत वाचनालय मांडताना
खोली निवडताना आधी छत बघा. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पावसाळाभर भिंती ओल धरतात, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वाळवी पाठीमागूनच चढते. प्राथमिकच्या पोरांसाठी रॅक चार फुटांहून उंच नको. वरच्या फळीवर पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून लावा, नुसता कणा बघून दुसरीतलं पोर पुस्तक उचलत नाही.

ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४, म्हणजे फळीवर दोघांची ताटातूट. मी खुशाल शेजारी लावते. तपासणीला आलेले विचारतील, विचारू देत! वाचायला बाकं खिडकीला काटकोनात, उजेड डावीकडून. संगणक एकच पुरे, देवघेवीच्या टेबलावर. कपाटाला कुलूप मात्र नकोच.