सोलापूरच्या उन्हात रेड वाईनची बाग : संक्रांतीपासून तोडणीपर्यंत काय सांभाळायचं

मंडळी, संक्रांत झाली की आपल्याकडं रात्री अजून गार असतात पण दुपारचा चटका जाणवायला लागतो, आणि ऑक्टोबरात फळ छाटणी (फळ धरायला घेतात ती छाटणी) घेतलेल्या वाईनच्या बागेत मण्यात पाणी उतरून रंग भरायची वेळही नेमकी हीच. घरच्या घरी दोन-तीन एकर कॅबर्ने, शिराझ नाहीतर सांजोव्हेजे या रेड वाईनच्या जाती लावलेल्यांनी पुढचे दोन महिने जरा मनापासून लक्ष घाला, कारण वायनरीत गेल्यावर वाईन बिघडू शकते पण मुळात फळात नसलेला दम तिथं कुणी घालू शकत नाही.

आपला सोलापूरचा हात खाण्याच्या द्राक्षावर बसलाय. सोनाका काय, शरद सीडलेस काय, आपल्याच नान्नजला नानासाहेब काळेंच्या बागेतून पुढं आलेल्या जाती, त्यामुळं मणी फुगवायचा, लांबवायचा, वजन काढायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. वाईनच्या बागेत हे सगळं बाजूला ठेवायचं. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रस बहुतेक जातींचा बिनरंगाचाच निघतो, म्हणून मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून जीएचं डिपिंग (मणी वाढवायच्या संजीवकात घड बुडवणं) नाही, मणी फुगवायला पाणी नाही, आणि शेवटी शेवटी साखर चढावी म्हणून झिरो झिरो फिफ्टी (नुसत्या पोटॅशचं खत) मारायची सवय पण सोडा, जास्तीचं पोटॅश रसातली आंबटाई मारतं आणि पीएच (आंबटाईचं माप, आंबटाई कमी तेवढा आकडा मोठा) वर जातो. पीएच 3.8 च्या पुढं गेला की रंग फिका, मळकट पडतो आणि वाईन टिकायला अवघड होते.

आता उन्हाचं. नाशिक आपल्यापेक्षा उंचावर, तिथं रात्री जास्त गार, त्यामुळं आंबटाई टिकते. आपल्याकडं फेब्रुवारीच्या शेवटाला पारा 35 च्या पुढं गेला की साखर पळत सुटते, आंबटाई झपाट्यानं उतरते आणि सालीत रंग भरणं मंदावतं. म्हणून पानं काढताना सरसकट हात चालवू नका. सकाळचं ऊन येतं त्या पूर्वेच्या बाजूची घडाजवळची थोडी पानं काढली तरी हवा खेळते, भुरी या बुरशीच्या रोगाला आळा बसतो, फवारा आत पोचतो, पण पश्चिमेची पानं राहू द्या नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. रंग धरताना जे घड मागं राहिलेत, अर्धे हिरवे दिसतात, ते आत्ताच कापून खाली टाका, जीवावर येतं मान्य आहे पण तेच घड पुढं सगळ्या क्रेटची चव कच्ची करतात.

पाणी जमीन बघून. मुरमाड रानात ड्रीप एकदम बंद केलं तर खालची पानं पिवळी पडून गळतात आणि घड उघडे पडतात, तिथं थोडं थोडं चालू ठेवा. काळ्या रानात ओल धरून असते, तिथं हात आखडता घ्या. तोडणीच्या तोंडावर मोठं पाणी कुठंच देऊ नका, मणी तडकतात आणि रस पातळ होतो.

तोडणी कधी? नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायच्या यंत्रावर) जाऊ नका, आपल्या भागात साखर आधी येते आणि साल-बी मागून पिकते. 20 ब्रिक्स (म्हणजे रसात साधारण 20 टक्के साखर) झालं की दर तीन-चार दिवसांनी बागेच्या वेगवेगळ्या ओळीतून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे-मधले-खालचे असे शंभरेक मणी घ्या, रस काढून ब्रिक्स आणि पीएच बघा, आणि काही मणी चावून खा. बी तपकिरी होऊन कडक वाजायला लागली, साल चावताना हिरवट कडवटपणा गेला आणि ब्रिक्स 22 ते 24 मध्ये असलं की वायनरीला फोन लावा. 23 ब्रिक्सच्या रसातून साधारण 13 टक्के अल्कोहोल होतं, ते ठीक आहे, पण 26 पर्यंत थांबलात तर वाईन जड आणि जळजळीत होते. शिराझवर जास्त नजर ठेवा, तिचे मणी पटकन सुकतात, कॅबर्ने वेलीवर थोडी दम धरते. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली या वाईन कंपनीनं इटलीची सांजोव्हेजे आपल्याच जिल्ह्यात लावून दाखवली, म्हणजे इथल्या उन्हात चांगली रेड होते, फक्त वेळ साधायला लागते.

भुरीसाठी गंधक मारत असाल तर तोडणीच्या बरंच आधी थांबवा, सालीवर राहिलेलं गंधक आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास देतं. बाकी औषधांचा पीएचआय (शेवटची फवारणी ते तोडणी यात सोडायचे दिवस) लेबलवर बघून पाळायचाच. मिलीबग या पांढऱ्या किडीनं चिकट झालेले, सडलेले, अवकाळीत तडकलेले घड क्रेटमध्ये जाऊच देऊ नका. तोडणी पहाटे सुरू करून ऊन तापायच्या आत संपवा, क्रेट शिगोशीग भरू नका, खालचे मणी फुटले की रस्त्यातच आंबायला लागतात, गाडी सावलीत लावा आणि माल त्याच दिवशी क्रशिंगला पोचवा. स्वतः वाईन करून विकायची असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याचं लायसन.

माल गेला की बागेला लगेच पाणी द्या, वेल दमलेली असते, आणि खरड छाटणीआधी (तोडणीनंतरच्या उन्हाळी छाटणीआधी) बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर, उसाचं पाचट अंथरून ठेवा, एप्रिल-मेमध्ये कालव्याचं आवर्तन लांबलं तरी मुळ्या तग धरतील.