चिनी सरन्यायाधीशाचा बायोडेटा वाचायचा कसा

कलिनाला एमए करणारी किंवा दादरला यूपीएससीच्या क्लासला जाणारी पोरं चीनच्या सुप्रीम कोर्टाच्या अध्यक्षाचा बायोडेटा उघडतात आणि पहिलं शोधतात काय, तर वकिली किती वर्षं केली, जज कधी झाला. तिथेच गाडी चुकते. आधी कम्युनिस्ट पक्षातलं पद बघा, सरकारी पद नंतर.

माजी अध्यक्ष झोउ छ्यांगचंच घ्या (झोउ आडनाव, तिकडे ते आधी लावतात). छोंगछिंगला कायद्यात मास्टर्स, मग न्याय मंत्रालयात नोकरी, इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. पण १९९८ ला गडी कम्युनिस्ट युथ लीगचा, म्हणजे पक्षाच्या तरुणांच्या संघटनेचा, प्रमुख झाला, खरा जिना तिथून सुरू. मग हुनान प्रांताचा गव्हर्नर, २०१० ला तिथलाच पार्टी सेक्रेटरी. आता गव्हर्नर म्हटलं की आपल्याला मलबार हिलचे राज्यपाल आठवतात, ते डोक्यातून काढा, कारण तिकडचा गव्हर्नर प्रांताचा कारभार प्रत्यक्ष चालवतो आणि तरी नंबर दोनच असतो, वर पार्टी सेक्रेटरी बसलेला. म्हणजे २०१० ला झालं ते प्रमोशन. आणि मार्च २०१३ ला हाच माणूस सुप्रीम कोर्टाचा अध्यक्ष, आधी एकही दिवस जज नसताना! २०१७ ला त्याने पाश्चात्त्य पद्धतीचं न्यायालयीन स्वातंत्र्य चुकीचं आहे असं जाहीर भाषणात सांगितलं तेव्हा बाहेर बोंबाबोंब झाली, पण बायोडेटा नीट वाचलेल्याला त्यात नवल वाटायला नको.

तारखा पण बघा. पक्षाचं अधिवेशन दर पाच वर्षांनी, हल्ली ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि सरकारी पदं पुढच्या मार्चमध्ये संसद वाटते, वाटते म्हणजे शिक्का मारते. झांग जुन २०१७ ला न्यायमंत्री, मार्च २०१८ ला सरकारी वकिलांचा देशातला प्रमुख, मार्च २०२३ ला झोउच्या जागी कोर्टाचा अध्यक्ष. काल आरोप ठेवणारा आज निकाल देणाऱ्यांचा बॉस, तिकडे ही नॉर्मल बदली आहे.

आणि बातमीत 'शिस्त आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन' दिसलं की समजायचं करिअर संपलं. आधी पक्षाची चौकशी, मग हकालपट्टी, कोर्ट सगळ्यात शेवटी. माजी न्यायमंत्री फू झेंगहुआची चौकशी ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झाली, मार्च २०२२ ला पक्षातून बाहेर, आणि सप्टेंबरात लाचखोरीसाठी दोन वर्षं स्थगित फाशी, ती जन्मठेपेत बदलली तरी सुटका नाही.