भाचीच्या पाळण्यात ‘शामिराम’: परमुलखातलं नाव घरात कसं आणावं

बारशाला ताम्हणात तांदूळ पसरायचे आणि त्यावर सोन्याच्या अंगठीने बाळाचं नाव काढायचं, ही आमच्या घरची रीत. गेल्या श्रावणात पंचवटीतल्या आमच्या घरी मी ताम्हण पुढ्यात घेतलं, तेव्हा नाव ठरून महिना झाला होता. तरी पहिलंच अक्षर काढताना हात थांबला. श की शा? पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे चूक झाली तर तीही आत्याचीच. ती होऊ नये म्हणून त्या महिनाभरात मी जे केलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरातही दूरदेशीची सून किंवा जावई आला असेल, तर यातलं पुष्कळसं तुमच्या कामाचं आहे.

माझा धाकटा भाऊ डॉक्टरकी शिकायला आर्मेनियात, येरेवानला गेला आणि तिथेच त्याने लग्न केलं. भावजयीची आई आर्मेनियन. वडील असिरियन, म्हणजे इराण-इराककडच्या एका जुन्या ख्रिस्ती समाजातले, येरेवानच्या दक्षिणेला असलेल्या वेरिन द्वीन या गावचे. १८२८ साली रशिया आणि इराण यांच्यात तह झाला, त्यानंतर इराणातल्या उर्मिया सरोवराकडच्या असिरियन लोकांनी आर्मेनियात येऊन जी गावं वसवली, त्यांतलं हे एक. भावजयीच्या आजीचं नाव शामिराम. भाऊ म्हणाला, “ताई, पणजीचं नाव ठेवायचं आहे. पण आईला ते कसं सांगायचं, ते तू बघ.”

आधी नाव लिहून मागवा

मोबाइलवर नाव शोधू नका. आधी ज्यांचं आहे त्यांच्या हातचं मागवा. भावजयीच्या आईने एका कागदावर नाव लिहून त्याचा फोटो पाठवला. आर्मेनियन लिपी डावीकडून उजवीकडे जाते. इसवी सन ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने ती घडवली आणि आजही ती रोजच्या वापरात आहे. कागदावर सात अक्षरं होती: शा, आयब, मेन, इनी, रे, आयब, मेन. त्याखाली वडिलांनी त्यांच्या लिपीत तेच नाव उजवीकडून डावीकडे लिहिलं होतं. तिथे मात्र पाचच अक्षरं: शीन, मीम, यूद, रेश, मीम. दोन कुठे गेली म्हणून विचारलं, तर कळलं की त्या लिपीत ‘अ’सारखे स्वर बहुतेकदा लिहितच नाहीत, वाचणारा ते आपले आपण भरतो.

माझी अडचण त्या कागदाने सोडवली. आर्मेनियन अक्षरांत ‘आयब’ दोनदा येतं, ‘श’नंतर आणि ‘र’नंतर. अक्षर एकच, उच्चार एकच. म्हणजे ‘राम’मध्ये काना द्यायचा, तर ‘शा’मध्येही द्यायला हवा. ‘मि’ ऱ्हस्व. भार शेवटच्या अवयवावर पडतो आणि आपला ‘रा’ दीर्घ असल्याने तो आपोआप सांभाळला जातो. शामिराम. ‘शमीराम’ नव्हे, ‘शमिरम’ नव्हे. ग्रीकांनी केलेलं ‘सेमिरामिस’ हे रूप युरोपातल्या पुस्तकांत दिसेल, पण पणजीला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. म्हणून ते बाजूला ठेवलं.

मग नावामागची बाई शोधा

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे या भागात मी जास्त रेंगाळले. तुम्हीही रेंगाळा. बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारते, “म्हणजे काय?” त्याचं उत्तर तयार पाहिजे.

मुळाशी खरी राणी आहे, असिरियाची, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या प्राचीन राज्याची, सम्मुरामत. नवरा पाचवा शमशी-अदाद. तो इ.स.पू. ८११ मध्ये गेला आणि मुलगा तिसरा अदाद-निरारी गादीवर आला. तुर्कस्तानात पाझारजिक इथे मिळालेल्या एका शिलालेखात, राजाबरोबर त्याच्या आईनेही युफ्रेटिस नदी ओलांडल्याचं कोरलं आहे. त्या काळी स्वारीच्या लेखात बाईचं नाव येणं हीच मोठी गोष्ट. असिरियाची जुनी राजधानी असलेल्या अश्शूर शहरात राजांच्या नावाचे दगड रांगेने उभे होते, त्यांत तिचाही दगड सापडला. कल्हू म्हणजे आजच्या निमरूदला एका सुभेदाराने नाबू देवाच्या मंदिरात मूर्ती वाहिल्या, त्या राजाच्या आणि सम्मुरामतच्या आयुष्यासाठी. हे वाचताना मला ताराबाई आठवली. राजाराम महाराजांच्या मागे मुलाच्या नावाने मराठ्यांचं राज्य लढवत ठेवणारी. काळ वेगळा, मुलूख वेगळा, पण मुलाच्या गादीमागे उभी असलेली आई आपल्याला नवी नाही.

तिच्यामागे तिच्या गोष्टी वाढत गेल्या. ग्रीक भाषेत लिहिणारा जुना इतिहासकार दिओदोरस सांगतो, की तिला जन्मतःच टाकून दिलं होतं, कबुतरांनी तिला जगवलं, आणि सीरियन भाषेतल्या कबुतरांवरूनच तिचं नाव पडलं. असिरियन घरांत अर्थ वेगळा सांगतात: ‘शमय्या’ म्हणजे आकाश, ‘राम’ म्हणजे उंच. भावजयीच्या वडिलांनी हाच सांगितला आणि आम्हीही तोच धरला. बॅबिलोनच्या झुलत्या बागा तिच्या नावावर सांगतात, त्या मात्र सांगू नका. त्या तिच्या नव्हेत, नंतरच्या एका राजाच्या, असं खुद्द दिओदोरसच म्हणतो.

आर्मेनियातली गोष्ट निराळी आहे आणि ती लपवून चालणार नाही. मोव्हसेस खोरेनात्सी या त्यांच्या जुन्या इतिहासकाराने ती लिहून ठेवली. आर्मेनियाचा राजा आरा फार देखणा. शामिरामने त्याच्या रूपाची कीर्ती ऐकली, भेटी देऊन दूत पाठवले. आराने नकार दिला. ती फौज घेऊन अरारातच्या मैदानात उतरली. आराला जिवंत धरा, असं तिने बजावलं होतं, तरी तो लढाईत पडला. तिने त्याचा देह महालाच्या माडीवर ठेवला आणि सांगितलं, देव याच्या जखमा चाटून याला उठवतील. तो उठला नाही. वार्दगेस सुरेन्यांत्स या चित्रकाराने १८९९ साली हा प्रसंग रंगवला. ते चित्र येरेवानच्या राष्ट्रीय चित्रदालनात आहे. देहाजवळ बसलेली राणी समोर बघते आहे. भावाने फोटो पाठवला, तो मी किती तरी वेळ पाहत होते.

आईने ऐकून पदर सावरला आणि म्हणाली, “असल्या बाईचं नाव पोरीला?”

मी आईला तपोवनाकडे बोट दाखवलं. आपण कुठे राहतो? देखण्या राजपुत्रावर एका बाईचं मन बसलं, त्याने नकार दिला, तिचं नाक कापलं गेलं आणि त्यातून मोठं युद्ध पेटलं. नासिकेवरून नाशिक, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. मनातलं बोलून दाखवणारी बाई, नकार आणि लढाई, दोन्हीकडे तेच आहे. पण आपल्याकडे तिच्या वाट्याला नाक कापून घेणं आलं आणि तिचं नाव कोणी मुलीला ठेवलं नाही. तिथे ती राणी राहिली. आर्मेनियन लोक मुलाला आरा म्हणतात आणि मुलीला शामिरामही म्हणतात. ज्यांचा राजा गेला, त्यांनीच हे नाव घरात घेतलं आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या वान सरोवराजवळ ५० किलोमीटरहून लांब एक प्राचीन कालवा आहे. उरार्तू या तिथल्या प्राचीन राज्याच्या मेनुआ राजाने तो बांधला, तसे त्याचे लेखही काठाने कोरलेले आहेत. लोक मात्र त्याला शामिरामचा कालवाच म्हणत आले. शेताला पाणी देणाऱ्या कालव्याला लोक नकोशा बाईचं नाव देत नाहीत. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाणी आणणारी म्हण. तसं सांगेन मी सगळ्यांना.”

सोपा अर्थ कोणी हातात दिला तर

मला सर्वांत जड गेलं ते हे. नाशिकमध्ये ‘राम’ ऐकला की पुढचं काही ऐकलंच जात नाही. काळाराम, गोरेराम, रामकुंड, शेजारच्या काकूंनी अगदी मनापासून विचारलं, “शामिराम कुठलं देऊळ गं?” दुसऱ्या एकींनी अर्थ लावून दिला: दसऱ्याची शमी आणि प्रभू राम, किती पवित्र! आईलाही तो आवडला. मान डोलावली असती तर सगळं सोपं झालं असतं.

मी डोलावली नाही. तुम्हीही डोलावू नका. त्या अर्थात वेरिन द्वीनची पणजी कुठेच उरत नाही. प्रेमाने, पण स्पष्ट सांगा: हा ‘राम’ त्यांच्या भाषेतला, ‘उंच’ या अर्थाचा. बातम्यांत ऐकू येणाऱ्या रामल्ला गावाच्या नावातही तोच ‘राम’ आहे, उंचावरची जागा. काकूंना हे एका दमात पटलं. आपल्या रामाला यात काही उणं येत नाही, आणि त्यांच्या नावालाही येत नाही.

अशीच काळजी ‘असुरी’ या शब्दाची घ्या. त्या लोकांना मराठीत काय म्हणायचं? भाऊ फोनवर सहज ‘असुरी’ म्हणून गेला आणि आईचा चेहराच उतरला. आपल्या कानाला असुर म्हणजे राक्षस. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या शरणपूरच्या एका बाईंनी मराठी बायबल उघडून दाखवलं. तिथे त्या देशाला ‘अश्शूर’ म्हटलं आहे. तेव्हापासून देश अश्शूर आणि माणसं असिरियन, असं घरात ठरलं.

मराठीत वाकवायचं कसं

‘म’ने संपणारं नाव मुलाचं वाटतं, ही तक्रार हमखास येणार. पूनम, नीलम, रेशम, शबनम यांची आठवण करून द्या. त्यांच्याच रांगेत हिला बसवा, विभक्तीसकट. मुलाच्या नावाला आपण ‘रामाला’ म्हणतो, पण मुलीच्या नावाला ‘नीलमला’, ‘नीलमाला’ नव्हे. तसंच शामिरामला, शामिरामची, शामिरामने. घरातल्या सगळ्यांनी हे पहिल्या दिवसापासून पाळलं की बाहेरचेही तसंच बोलू लागतात.

दुसरी युक्ती क्रियापदाची. मराठीत क्रियापदच मुलगा की मुलगी ते सांगून टाकतं. नाव पहिल्यांदा सांगताना ते एकटं सोडू नका. “आमची शामिराम आत्ताच झोपली” म्हणा. पुढचा प्रश्न येत नाही.

बारशाला मी पाळणाही जोडला, दोन कडवी, एकात वानचं पाणी आणि एकात गोदावरीचं. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ नेहमीसारखंच झालं, घुगऱ्याही झाल्या. गुरुजींनी पत्रिकेवरून ‘ग’ काढला होता. ते नावरस नाव वेगळं ठेवून पत्रिकेत लिहिलं, त्याला कोणाची हरकत नव्हती. फोन पाळण्याच्या दांडीला टेकवून ठेवला होता. मी बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, आणि फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला, “शामिराम जान!” जान म्हणजे काय, ते आईला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईने काहीतरी लिहून देऊ नका, महिनाभर थांबा. अर्जावर मराठी नाव स्वतः छापल्यासारखं सुटं लिहा आणि इंग्रजी स्पेलिंग पणजीकडच्या लोकांच्या पासपोर्टवर असतं तेच द्या: एस, एच, ए, एम, आय, आर, ए, एम. मधलं नाव वडिलांचं. आर्मेनियातही कागदोपत्री वडिलांचं नाव लावतात, त्यामुळे भावजयीला त्यात काही परकं वाटलं नाही.

दाखला हातात आला की खिडकीपाशीच, निघण्याआधी, अक्षर न अक्षर वाचा. आमचा दाखला बरोबर आला. पण एका दवाखान्यात लसीच्या कार्डावर ‘शमीराम’ आणि पुढे ‘मुलगा’ असं लिहिलं गेलं, आणि ते दुसऱ्या डोसापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून फाइलच्या पहिल्या पानावर मी एक चिठ्ठी डकवली आहे, ठळक अक्षरांत: “शामिराम. ‘शा’ला काना. मुलगी.” कार्ड पुढे करताना ती चिठ्ठी वर ठेवते.