अनोळखी ओळ समोर आली की अलंकार आणि वृत्त कसे ओळखावे

अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ असतात, तरी पेपरात न वाचलेली ओळ आली की विद्यार्थी अडतात, कारण ते ओळीत थेट नाव शोधू लागतात. आधी अर्थ लावा, मग कवीने शब्दांशी काय केले ते पाहा. नाव सगळ्यात शेवटी. सरावाला ही एकच ओळ पुरे:

तुझ्या अंगणी सांज आली निजाया

निजते ते माणूस किंवा पाखरू, सांज निजत नाही. निर्जीवाला सजीवाची कृती दिली, म्हणून हा चेतनगुणोक्ती अलंकार. नुसते ‘सांज आली’ असते तर अलंकार झाला नसता. रोजच्या बोलण्यात सांज येतेच.

आता याच सांजेला दमलेल्या मुलाशेजारी ठेवू. जिचे वर्णन करायचे ती सांज उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते मूल उपमान. या दोघांतले नाते बदलले की अलंकार बदलतो. ‘सांज दमलेल्या मुलासारखी पेंगते’ यात फक्त सारखेपणा आहे: उपमा. ‘सांज म्हणजे जणू दमलेले मूलच’ यात ती मूलच असावी अशी कल्पना केली: उत्प्रेक्षा. ‘सांजबाळ अंगणात निजले’ म्हटले की दोन्ही एकरूप झाली: रूपक. ‘ही सांज नव्हे, दमलेले मूल आहे’ इथे उपमेय चक्क नाकारले: अपन्हुती.

खुणेच्या शब्दांवर मात्र आंधळा भरवसा नको. ‘तो सारखा रडतो’ यातला ‘सारखा’ म्हणजे सतत. तिथे उपमा नाही. ‘वाटते’ ही उत्प्रेक्षेची खूण, पण ‘मला भीती वाटते’ यात उत्प्रेक्षा नाही. ‘हा मुलगा भावासारखा उंच आहे’ ही साधी माहिती. दोन वेगळ्या गोष्टींत साम्य सापडल्याची गंमत तिच्यात नाही. म्हणून उत्तरात अलंकाराच्या नावाबरोबर उपमेय कोणते, उपमान कोणते आणि नाते कसले, हे त्या ओळीतलेच शब्द घेऊन लिहा.

अलंकार शब्दावर उभा (शब्दालंकार) की अर्थावर (अर्थालंकार), याची कसोटी सोपी आहे: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घाला. ‘शिशिरात झाडाने धरतीला पत्र धाडले’ यात ‘पत्र’ म्हणजे पानही आणि चिठ्ठीही. ‘चिठ्ठी’ घातली की पान हरवते. शब्दाबरोबर अलंकार गेला, म्हणून हा शब्दालंकार, श्लेष. वरच्या ओळीत ‘सांज’ऐवजी ‘संध्या’ घातले तरी चेतनगुणोक्ती जागेवरच राहते, तो अर्थालंकार.

वृत्त म्हणजे ओळीतल्या लघू-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम. तो शोधायला अक्षरे सुटी करा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, एक मात्रा. दीर्घ स्वर, अनुस्वार किंवा विसर्ग असलेले गुरू, दोन मात्रा. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर आला तर तेही गुरू. मग तीन-तीन अक्षरांचे गट पाडा:

तुझ्याअं । गणीसां । जआली । निजाया

प्रत्येक गटात लघू, गुरू, गुरू. अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. गणांसाठी ‘यमाताराजभानसलगा’ लक्षात ठेवा: गणाचे अक्षर आणि पुढची दोन घेतली की त्या गणाचा क्रम मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लघू, गुरू, गुरू. आपल्या ओळीत य गण चार वेळा आला, अक्षरे 12, मात्रा 20: भुजंगप्रयात.

या ओळीत हमखास दोन चुका होतात. पहिली ‘तुझ्या’त. ‘झ्या’ जोडाक्षर दिसते म्हणून ‘तु’ गुरू धरला जातो आणि पहिलाच गण बिघडतो. म्हणून बघा: ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो, ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर येत नाही. इथे कानाचे ऐकायचे. दुसरी ‘सांज’मध्ये. बोलताना आपण ‘ज’ अर्धवट सोडतो, म्हणून मोजताना तो गळतो आणि अक्षरे 11 भरतात. पद्यात तो पूर्ण उच्चारायचा. गण जुळेनासे झाले तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून मोजत बसू नका. ओळ चालीत मोठ्याने म्हणा, जीभ अडखळेल तिथले अक्षर आधी तपासा.