नाशिकहून जर्मनीत नोकरीला जाताना : स्टुटगार्टमधील पहिल्या तीन महिन्यांची तयारी

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काही वर्षे काम केलेल्या अभियंत्याला जर्मनीतून, विशेषतः स्टुटगार्टच्या परिसरातून, नोकरीचे पत्र येणे ही आता नाशिकमध्ये अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणारे दोन्हीकडचे उद्योग एकमेकांना जुने ओळखीचे आहेत. बॉश या कंपनीचे मुख्यालय स्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेनमध्ये आहे आणि तिचाच एक कारखाना सातपूरला आहे. असे असूनही पत्र हातात पडल्यानंतर बहुतेकांची सगळी शक्ती व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांतच खर्च होते, आणि उतरल्यावर लागणाऱ्या गोष्टींचा विचार तिथे गेल्यावर सुरू होतो. माझे ठाम मत असे आहे की जर्मनीत स्थिरावणे हे नोंदणी करता येईल अशा पत्त्यावर आणि एकमेकांशी जुळणाऱ्या कागदपत्रांवर अवलंबून असते, आणि या दोन्हींचे निम्म्याहून अधिक काम नाशिकमध्ये बसूनच करता येते.

नाव आणि पदवी

सुरुवात नावापासून करावी. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टमध्ये मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात येते. आपल्याला हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात काही अडचण असेल असे वाटतच नाही, पण जर्मन कार्यालयातील कर्मचाऱ्यासमोर ही दोन वेगवेगळी नावे असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची अडचण याहून मोठी असते, कारण पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते तिसऱ्याच पद्धतीने असे अनेकींच्या बाबतीत झालेले असते. म्हणून पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून बाकीचे सर्व कागद त्याच्या शेजारी ठेवून तपासावेत, महानगरपालिकेकडून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे आणि गरज असल्यास राजपत्रातील नावबदलाची प्रतही जोडावी. मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव खरोखर नोंदलेले आहे का, हेही पाहावे. जन्मानंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर ती जागा कित्येकदा कोरीच राहिलेली असते. जे दाखले केवळ मराठीत आहेत त्यांचे अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्यावे.

पदवीच्या मान्यतेसाठी ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात आपले विद्यापीठ आणि आपली पदवी या दोन्हींची नोंद पाहावी लागते. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जुन्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या आहेत आणि 2014 मध्ये त्या विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले, त्यामुळे प्रमाणपत्रावर जुने नाव असेल तर शोध घेताना आणि अर्ज भरताना ते ध्यानात ठेवावे. नोंद सापडली नाही तर तुलनापत्रासाठी, म्हणजे आपली पदवी कोणत्या जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे सांगणाऱ्या पत्रासाठी, वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आयटीआय किंवा तत्सम कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांची तपासणी न्युर्नबर्ग येथील ‘आयएचके फोसा’ ही संस्था करते, तर परिचारिकांची मान्यता ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याच्या प्राधिकरणाकडे असते. परिचारिकांना मान्यतेसाठी साधारणपणे बी-दोन पातळीचे (भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीचे) जर्मन लागते, म्हणून त्यांनी भाषेचा अभ्यास नोकरी शोधण्याच्याही आधी सुरू केलेला बरा.

अभियंत्यांना भाषेची सक्ती पुष्कळदा नसते, कारण कंपनीत इंग्रजी चालते, आणि नेमके त्याच कारणाने ते भाषेकडे पाठ फिरवतात. कंपनीत इंग्रजी चालते, पण घरमालक, पालिकेची खिडकी, दवाखान्यातील स्वागतकक्ष आणि शेजारी यांच्याकडे ती चालेलच असे नाही. पुणे आणि मुंबई येथील मॅक्सम्युलर भवनांत जर्मनच्या परीक्षांची सोय आहे आणि त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. नोटीस पीरियडच्या काळात रोज ठरावीक वेळ देऊन ए-एक ही पहिली पातळी पूर्ण करावी. ए-एक म्हणजे फार काही नाही, पण दरवाजावरची पाटी आणि पत्रावरची मुदत वाचता येण्याइतके ते नक्कीच असते.

व्हिसाच्या भेटीसाठी साधारणपणे मुंबईला जावे लागते. सकाळची वेळ मिळाली असेल तर त्याच दिवशी पहाटे निघण्याचा मोह टाळावा आणि आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करावा; पावसाळ्यात कसारा घाटात गाडी किंवा रस्ता अडला, तर चुकलेली वेळ पुन्हा मिळण्यात बराच काळ जातो.

मागे राहणारे व्यवहार

जाण्यापूर्वी आपल्या बँकेला अनिवासी होत असल्याचे कळवून बचत खाते एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात) बदलून घ्यावे आणि परदेशातील पगार भारतात पाठवायचा असेल तर एनआरई खाते उघडावे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातील भारतातील वास्तव्य 182 दिवसांपेक्षा कमी असेल तर तो प्राप्तिकरासाठी अनिवासी ठरतो, म्हणून निघण्याची तारीख ठरवताना कर सल्लागाराशी एकदा बोलून घ्यावे. गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटचे भाडे येत असेल तर त्यावरचा कर मात्र भारतातच भरावा लागतो. भारतीय कंपनीच जर्मनीला पाठवत असेल, तर तिने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराखालील प्रमाणपत्र काढले आहे का, हे विचारावे. 1 मे 2017 पासून लागू असलेल्या या करारामुळे दोन्ही देशांत निवृत्तिवेतनाची दुहेरी वर्गणी भरणे टळते.

भारतातील सिमकार्ड बंद करू नये. बँक, आधार, विमा या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून किमान रकमेचे रिचार्ज चालू ठेवावे. घराचे, शेताचे किंवा आईवडिलांच्या आजारपणातले व्यवहार भावाने अथवा बहिणीने पाहायचे असतील तर मुखत्यारपत्र इथेच करून घ्यावे. नंतर तेच काम म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन करावे लागते आणि त्यासाठी सुट्टी काढावी लागते.

सामानाबाबत एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना स्पष्ट सांगावी. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाने आणणे मना आहे, त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढ्यांचा डबा विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो. ताजी द्राक्षे आणि आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, बेदाणे आणि चिवडा यांना ही अडचण नाही. नियमित औषधे वैयक्तिक वापरापुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

पत्ता

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाने सही केलेले निवासाचे पत्र लागते. नोंदणी झाली की कर ओळख क्रमांक टपालाने येतो; तो कंपनीला मिळेपर्यंत पगारातून सर्वांत चढ्या श्रेणीने कर कापला जाऊ शकतो. बँकेचे खाते, निवास परवाना आणि इंटरनेटची जोडणी यांनाही पुढे हाच पत्ता लागतो. म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी तात्पुरती खोली घेताना भाड्याआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की या पत्त्यावर नोंदणी करता येईल का. नाही असे उत्तर आले तर खोली कितीही स्वस्त असली तरी ती महागात पडते.

कायमचे घर शोधताना स्टुटगार्ट शहराचाच आग्रह धरू नये. शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलेले आहे, उतारावर द्राक्षांचे मळे थेट वस्तीपर्यंत उतरतात आणि सपाट जागा थोडी असल्याने घरांची टंचाई कायमची आहे. ब्योब्लिंगेन, एसलिंगेन, लुडविग्सबुर्ग ही गावे उपनगरी रेल्वेने जोडलेली आहेत. कंपनी कोणत्या मार्गावर आहे ते पाहून तिथे शोध घ्यावा. भाडे दोन आकड्यांत सांगितले जाते : काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि वार्ममिटे म्हणजे त्यात गरम पाणी, जिने-सफाई, कचरा वगैरेंचा आगाऊ खर्च मिळवून आलेली रक्कम. वीज आणि इंटरनेट यांचे पैसे बहुधा याहून वेगळे असतात. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने अधिकार आहे, ही गोष्ट घरमालक आपणहून सांगेलच असे नाही. अनेक घरांत ओटा, सिंक आणि कपाटेसुद्धा नसतात, तेव्हा स्वयंपाकघर आहे की नाही हे जाहिरातीत नीट वाचावे.

घर न दाखवता, मालक परदेशात असल्याचे सांगून किल्ली टपालाने पाठवतो म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नये. फसवणुकीचा हा प्रकार नाशिकमध्ये बसून घर शोधणाऱ्यांनाच सर्वाधिक गाठतो.

किल्ली घेताना घरमालक आणि भाडेकरू मिळून घराची पाहणी करून हस्तांतरणाचा कागद भरतात. त्या वेळी घाई करू नये. भिंतीवरचा ओरखडा, खिडकीची न लागणारी कडी, फरशीवरचा डाग, वीज आणि पाणी यांच्या मीटरचे आकडे हे सर्व त्या कागदावर लिहून घ्यावे आणि छायाचित्रे काढावीत, कारण घर सोडताना अनामत परत मिळणे त्याच कागदावर ठरते. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर पासपोर्टप्रमाणे आडनाव लावावे. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचा गुप्त क्रमांक, विम्याचे कार्ड, कर क्रमांक हे सर्व पत्रानेच येते.

नोंदणीनंतरची पत्रे

आरोग्य विमा सर्वांना सक्तीचा आहे. सार्वजनिक विम्याची मूळ वर्गणी पगाराच्या 14.6 टक्के, अधिक प्रत्येक विमा संस्थेची थोडी जादा वर्गणी, अशी असून तिचा निम्मा भार कंपनी उचलते. पगाराच्या एका कमाल मर्यादेपर्यंतच ती आकारली जाते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुले यांना त्यातच विनामूल्य संरक्षण मिळते, म्हणून कुटुंब येणार असेल तर तरुणपणी स्वस्त वाटणारा खासगी विमा घेण्यापूर्वी दहादा विचार करावा. नोंदणीच्या अर्जावर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्यत्व लिहिले तर चर्च कर लागू होतो, जो स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये प्राप्तिकराच्या 8 टक्के आहे. नाशिकच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे आधी माहीत करून घ्यावे. काही आठवड्यांनी दूरदर्शन-आकाशवाणी शुल्काचे पत्र येते. ते जाहिरातीसारखे दिसले तरी टाकून देऊ नये. घरात दूरदर्शन संच असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिना 18.36 युरो भरावेच लागतात. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकानेच ते भरले तरी चालते.

प्रवासासाठी देशभरच्या स्थानिक गाड्या आणि बस यांना चालणारे डॉइचलांड तिकीट जानेवारी 2026 पासून महिना 63 युरोंना मिळते. ते सदस्यत्वाच्या स्वरूपाचे असल्याने बंद करायचे असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते. भारतीय वाहन परवाना तिथे वास्तव्य सुरू केल्यापासून सहा महिनेच चालतो आणि त्यानंतर जर्मन परीक्षा द्यावी लागते. पेठ रोडच्या आरटीओतून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्याने ही मुदत वाढत नाही.

शेजार

रविवारी दुकाने बंद असतात, रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, कचरा वेगवेगळ्या पेट्यांत टाकावा लागतो, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. स्टुटगार्ट परिसराची खास रीत मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, ती म्हणजे केअरवोखे. अनेक इमारतींत जिना, तळघर आणि घरासमोरचा पदपथ झाडण्याची पाळी दर आठवड्याला एका घराकडे असते. शनिवारी-रविवारी केव्हातरी शेजारचे आजोबा त्यांच्या दाराला अडकवलेली छोटी पाटी काढून तुमच्या दाराला लावून जातात, म्हणजे आता आठवडा तुमचा. धूळ दिसत नाही म्हणून जिना पुसायचा सोडला तर कोणी भांडायला येत नाही, पण त्याची नोंद घेतली जाते. हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ बाजूला करण्याची जबाबदारी भाडेकरारात तुमच्यावर टाकलेली असू शकते आणि कोणी घसरून पडले तर प्रश्न गंभीर होतो. ज्या नाशिककरांनी पहिल्याच पाळीला बादली-फडके घेऊन जिना मनापासून पुसला, त्यांना त्या इमारतीत नंतर पार्सल सांभाळणारे, पत्र समजावून सांगणारे आणि आजारपणात विचारपूस करणारे शेजारी मिळालेले मी पाहिले आहेत.

फोडणीच्या स्वयंपाकानंतर खिडक्या पूर्ण उघडून काही मिनिटे हवा खेळती ठेवावी आणि थंडीतही हे दिवसातून दोन-तीनदा करावे. बंद घरात ओल साचून भिंतीला बुरशी आली तर तिचा खर्च भाडेकरूकडून मागितला जातो.

अत्यवस्थ प्रसंगी 112, पोलिसांसाठी 110 आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवाला धोका नसेल तर 116117, हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

कुटुंबाला लगेच आणावे की नंतर, याचा निर्णय घेताना प्रोबेझाइट म्हणजे परिवीक्षा काळ लक्षात घ्यावा. हा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपू शकते. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी हा काळ एकट्याने काढून, कायमचे घर मिळाल्यावर कुटुंबाला बोलावणे मला अधिक योग्य वाटते. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना; तो असणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही. तरीही नाशिकमध्ये मिळालेले ते महिने भाषेसाठी वापरावेत, कारण तिथे गेल्यावर कंपनीचा आधार फक्त नोकरी करणाऱ्याला असतो आणि जोडीदाराला पहिल्या दिवसापासून जर्मन ऐकावे लागते. आईवडिलांशी रोजच्या फोनची वेळ ठरवताना हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते, हे त्यांना कागदावर लिहून द्यावे.

प्रवेशाचा व्हिसा मर्यादित मुदतीचा असतो आणि ती संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज झालेला असावा लागतो. या कार्यालयाची भेट मिळायला वेळ लागतो, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली त्याच आठवड्यात अर्ज पाठवावा, पोहोच जपून ठेवावी आणि परवाना हाती येण्यापूर्वी दिवाळीसाठी नाशिकला येण्याचे तिकीट काढायचे असेल, तर परत प्रवेश मिळेल का हे त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.