नमुन्यावरून सर्व्हायवल अनालिसिस: आधी वजनं लावा

शितावरून भाताची परीक्षा होते. पण कुणी भातातले सगळे खडे वेचून त्यात मूठभर शितं मिसळून दिली तर? केस-कोहोर्ट डेटा, म्हणजे ज्यांच्याबाबत घटना घडली ते सगळे आणि सोबत सर्वांतून चिठ्ठीने निवडलेला छोटा गट, असाच असतो. संख्याशास्त्रज्ञ रॉस प्रेंटिस यांनी १९८६ साली मांडलेली ही पद्धत साथरोगशास्त्रात आता नेहमीची आहे. अशा डेटावर सर्व्हायवल अनालिसिस, म्हणजे एखादी घटना किती काळाने घडते याचा अभ्यास, करायचा तर आधी वजनं लावावी लागतात.

सरावाला ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतल्या ‘सर्व्हायवल’ पॅकेजातला ‘एनडब्ल्यूटीसीओ’ हा डेटा घ्या. तो विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा आहे. मुलं ४०२८, त्यांपैकी ५७१ जणांचा आजार उलटला. तज्ज्ञांकडून प्रत्येक गाठ पुन्हा तपासून घेणं महागात पडतं. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ६६८ मुलं निवडली आणि आजार उलटलेली सगळी मुलं त्यांत घातली. ८५ जण दोन्हीकडे आहेत, त्यामुळे एकूण भरली ११५४.

१. प्रत्येक मुलासमोर दोन रकाने हवेत: किती दिवस पाहिलं आणि आजार उलटला का (१ किंवा ०). शून्यवाल्याला ‘बरा झाला’ समजू नका; त्या दिवसानंतरचं आपल्याला माहीत नाही, एवढंच. यालाच सेन्सर्ड म्हणतात.

२. आता वजनं. खरी गोम इथेच आहे. नुसती डोकी मोजली तर ११५४ मध्ये ५७१, म्हणजे जवळजवळ निम्म्यांचा आजार उलटला असं दिसतं. खरा आकडा १४ टक्के. आजार उलटलेले सगळेच हाताशी आहेत, म्हणून त्यांचं वजन १. न उलटलेले मुळात ३४५७, नमुन्यात ५८३, भागाकार ५.९३. नमुन्यातलं असं एक मूल जवळपास सहा जणांच्या वतीने बोलतं. निवड केंद्रवार झाली असेल तर हा भागाकारही केंद्रवार करा.

३. कॅप्लान-मायर आलेख (काळ सरतो तसे किती जण आजार न उलटता राहिले हे दाखवणारा) काढताना त्या दिवशी जोखमीत उरलेल्यांच्या वजनांची बेरीज घ्या. बाकी रीत नेहमीचीच.

४. कॉक्स मॉडेलमध्ये (कोणत्या गोष्टीने आजार उलटण्याची जोखीम किती बदलते हे काढणाऱ्या) वजनं द्या आणि ‘रोबस्ट’ हा पर्याय चालू ठेवा. हे हमखास विसरतं. मग संगणक समजतो की आपण खरंच ४०२८ मुलं तपासली, आणि विश्वासांतर, म्हणजे खरं उत्तर ज्या टप्प्यात असावं तो टप्पा, उगाच अरुंद येतं. त्याच पॅकेजातलं ‘सीसीएच’ हे फंक्शन ही काळजी स्वतःच घेतं, नवख्यांनी तेच वापरावं.

या डेटात तज्ज्ञांचा अहवाल सगळ्या ४०२८ मुलांचा आहे. तेव्हा पूर्ण डेटावर साधं कॉक्स चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहा. फारच तफावत दिसली तर आधी वजनांचा रकाना तपासा.