118 म्हणजे किती टक्के?

"ताई, 118 म्हणजे किती टक्के गं?" ऑक्टोबरमध्ये एका रात्री साडेनऊला बहिणीचा फोन आला, तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. मी ठाण्यात, नौपाड्यात, दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे घरात आकडा म्हटलं की तो माझ्याच गळ्यात पडतो. भाचा इंग्लंडमध्ये, बकिंगहॅमशायरला. त्याने ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेसाठी, इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा दिली होती. तिथे पास व्हायला 121 लागतात, त्याला मिळाले 118.

आधी तिला सांगितलं की हे टक्के नाहीत आणि मार्कही नाहीत. मुलांच्या कच्च्या गुणांची सरासरी काढतात, तिला 100 म्हणतात. गुण किती पसरलेत ते बघून त्या पसाऱ्याच्या एका पायरीला, म्हणजे आपल्या प्रमाण विचलनाला, 15 धरतात. गुण नेहमीसारखे, म्हणजे बहुतेक मुलं मधे आणि थोडी टोकांना असे पसरले, तर 115 च्या वर साधारण सोळा टक्के मुलं असतात, 130 च्या वर जेमतेम दोन-सव्वादोन. पेपर सोपा गेला तर सगळ्यांनाच सोपा जातो. घरी सराव पेपरात 80 टक्के पडत होते, हे खरं; पण बाकीच्यांना किती पडत होते ते घरी बसून कसं कळणार?

सीईटीचं पर्सेंटाइल बघितलेल्या पालकांना हे लवकर उमगतं. तिथे आपल्या शिफ्टमधल्या मुलांशी तुलना होते. इलेव्हन प्लसमध्ये त्यात वय येतं, आणि खरा घोळ इथेच होतो.

इंग्लंडचं शाळेचं वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. सप्टेंबरात जन्मलेली मुलगी आणि पुढच्या ऑगस्टातला आमचा भाचा एकाच वर्गात बसतात, दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा! म्हणून मुलाचे गुण साधारण त्याच्याच वयाच्या मुलांशी ताडून बघतात.

महावितरणच्या बिलाच्या पाठीवर मांडून बहिणीला फोटो पाठवला. आकडे मनचे: सप्टेंबरवाल्यांची सरासरी 42, ऑगस्टवाल्यांची 38, पसाऱ्याची पायरी दोन्हीकडे 10 गुणांची. दोघांनाही 54 गुण. सप्टेंबरवाली 12 ने वर, म्हणजे 1.2 पायऱ्या; एका पायरीचे 15 धरून 18, म्हणजे 118. ऑगस्टवाला 16 ने वर, म्हणजे 1.6 पायऱ्या, 24; म्हणजे 124. गुण तेच, पण एक आत आणि एक बाहेर.

फोटो बघून ती म्हणाली, "मग ह्याचा ऑगस्टचा फायदा अजून लावायचा असेल ना?" तिथल्या एका शिकवणीवाल्यांनी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, ऑगस्टच्या मुलांना दहा मार्क फुकट. तसा ठरलेला बोनस नसतो. त्या वर्षी, त्या पेपरात वयाने जेवढा फरक पडलेला दिसतो, तेवढाच धरतात. आणि निकालाच्या कागदावर तो आधीच धरलेला असतो. 118 मध्ये ऑगस्ट आलाच होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मलाही ते सांगताना बरं वाटलं नाही.

चौथी-पाचवीतलं मूल घेऊन तिकडे निघाला असाल तर आधी कॅलेंडर बघा. परीक्षा बहुतेक ठिकाणी सहाव्या इयरच्या, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, सुरुवातीलाच, सप्टेंबरात असते आणि बऱ्याच भागांत नोंदणी त्याआधी उन्हाळ्यातच बंद होते. ठराविक आकडा गाठला की पात्र, की वरून क्रमाने घेणार, हे त्या-त्या भागाच्या प्रवेश नियमांत वाचा. पात्र ठरूनही शाळेपासून घर लांब म्हणून जागा हुकू शकते. बकिंगहॅमशायरमध्ये थोडक्यात हुकलेल्यांना फेरविचार मागता येतो. त्यात मुख्याध्यापकांचं मत महत्त्वाचं. बहिणीने तो अर्ज त्याच आठवड्यात भरला.

आपल्याकडे पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण एवढंच बघतात. नवोदयच्या परीक्षेलाही जन्मतारखेची चौकट आहे, पण चौकटीच्या आत सगळे सारखे. माझ्या बाबांची तर शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, त्यांच्या वर्गातल्या बहुतेकांची तीच. गुरुजींनी नाव घालताना सरसकट लावून टाकलेली. त्या वर्गाचं वयानुसार प्रमाणीकरण करायला कोणी बसलं असतं, तर जवळजवळ अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला निघाला असता.